माहितीची दृश्य मांडणी आणि वाङ्मयाचा अभ्यासक

ग्रंथालयात येणाऱ्या अभ्यासकाला विशिष्ट ग्रंथ हवा असेल, तर तो तालिकेकडे वळतो. नेमके काय हवे हे ठाऊक नसेल, तर तो कपाटापुढे उभा राहून ग्रंथ चाळू लागतो. पहिल्या क्रियेस ‘शोध’ आणि दुसरीस ‘धुंडाळणी’ म्हणता येईल. शोधाला शब्द पुरतो. धुंडाळणीला मात्र अवकाश लागतो, कारण शेजारचा ग्रंथ नजरेस पडणे हाच तिचा लाभ असतो. संगणकाच्या पडद्यावरील यादीत हा शेजार हरवतो. तो परत मिळविण्याचा प्रयत्न ही माहितीच्या दृश्य आणि त्रिमितीय मांडणीमागील एक महत्त्वाची प्रेरणा होय.

या दिशेने १९९१ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात जॉर्ज रॉबर्टसन, जॉक मॅकिनले व स्टुअर्ट कार्ड यांनी ‘कोन ट्री’ ही रचना मांडली. तीत प्रत्येक विषय शंकूच्या शिखरावर आणि त्याचे उपविषय तळाच्या वर्तुळावर असतात. एखादा उपविषय निवडताच शंकू फिरून तो समोर येतो. कल्पना आकर्षक होती. तथापि अँडी कॉकबर्न व ब्रूस मॅकेन्झी यांनी २००० मध्ये घेतलेल्या चाचणीत, नेहमीच्या यादीपेक्षा या रचनेत माहिती सापडण्यास अधिक वेळ लागल्याचे दिसून आले. संरचनेचे समग्र भान मात्र शंकूंमुळे अधिक चांगले येते, असे सहभागी व्यक्तींना वाटले.

रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये १९९८ साली सादर केलेल्या ‘डेटा माउंटन’चा अनुभव याहून निराळा आहे. येथे वापरणाऱ्याने १०० पृष्ठांची लघुचित्रे एका उतरत्या पृष्ठभागावर स्वतः मांडावयाची होती. ती पुन्हा शोधताना प्रचलित यादीपेक्षा कमी वेळ लागला. पुढे २००१ मध्ये कॉकबर्न व मॅकेन्झी यांनी अशाच मांडणीच्या द्विमितीय व त्रिमितीय आवृत्त्यांची तुलना केली, तेव्हा कामगिरीत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून असे म्हणता येईल की, स्मरणास साहाय्य होते ते खोलीच्या आभासाने नव्हे, तर स्वतः ठरविलेल्या जागेने.

वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने याहून मूलभूत प्रश्न असा की, ही जागा ठरवितो कोण? राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. केवळ नावांच्या आधारे आखलेल्या मराठी वाङ्मयाच्या नकाशात ते तीन परस्परांपासून दूर असलेल्या बिंदूंच्या रूपाने दिसतील. नोंदी एकत्र केल्यास एकच ठळक बिंदू उमटेल. परंतु मग लेखनप्रकारानुसार वेगळे नाव धारण करण्यामागील वाङ्मयीन भूमिका पुसली जाईल. दोहोंपैकी कोणतेही चित्र तटस्थ नाही. छापील सूचीतही हा निर्णय घ्यावाच लागतो. पण तेथे ‘पहा’ अशी परस्परनिर्देशक नोंद तो उघड करते. चित्रात तो बिंदूंच्या अंतरात दडून राहतो आणि पाहणाऱ्यास ते अंतर हीच वस्तुस्थिती वाटते.

तात्पर्य, दृश्य मांडणी हे धुंडाळणीचे उपयुक्त साधन आहे. मात्र ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. चित्रातील सान्निध्य अभ्यासकाला प्रश्न सुचवू शकते. त्याचे उत्तर मूळ नोंदीकडे, आणि अखेरीस संहितेकडे, परत गेल्यावरच मिळते.