शेतकामासाठी जुनी फोर-व्हील जीप कशी पारखावी

ठाणे जिल्ह्यातील बदलापूर व त्यापलीकडील गावांत पावसाळ्याचे चार महिने शेतकऱ्यास एक अडचण हटकून भेडसावते. खत, रोपे वा भाजीपाला तयार असतो. परंतु डांबरी सडक व शेत यांमधील कच्ची वाट चिखलाने बंद झालेली असते. ट्रॅक्टर प्रत्येकाजवळ नसतो. असला तरी थोडा माल घेऊन तो रोज कल्याणच्या बाजारापर्यंत नेणे परवडत नाही. म्हणून अनेक शेतकरी बंधू स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर-व्हील जीपचा विचार करतात. हा विचार योग्य आहे. मात्र अशी जीप रंगावरून नव्हे, तर तळावरून आणि कागदांवरून पारखावयाची असते.

गरज आहे काय?

प्रथम आपल्या वाटेचा हिशेब करावा. वर्षातून किती दिवस साधी जीप वा पिकअप शेतापर्यंत पोहोचत नाही, ते मोजावे. असे दिवस पाच-सातच असतील, तर त्या दिवसांपुरता शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेणे स्वस्त पडेल. चारही चाकांना ओढ देणाऱ्या वाहनास इंधन अधिक लागते व दुरुस्तीचे भागही अधिक असतात. वाट महिना-दोन महिने बंद राहात असेल, तरच हा खर्च करावा.

कोणती जीप?

मुंबईत १९४७ साली विलीस जीपची जुळणी सुरू झाल्यापासून महिंद्रच्या जीप आपल्याकडे चालत आल्या आहेत. त्यांतील एमएम ५४० ही डिझेल जीप कामास दणकट असून तिची यांत्रिक रचना खेड्यातील मिस्त्रीच्या परिचयाची आहे. १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी वजनाने हलकी, म्हणून चिखलात चपळ. परंतु ती पेट्रोलवर चालते व जड ओझ्यासाठी ती तितकीशी सोयीची नाही. बोलेरो कॅम्परच्या फोर-व्हील प्रकारात माल ठेवावयास मागे हौदा असतो. मात्र दिसण्यावर जाऊ नये. कमांडर, मार्शल व बोलेरो यांपैकी पुष्कळ वाहनांत केवळ मागील दोन चाकांनाच ओढ असते.

ओढीची परीक्षा

ह्या जुन्या वाहनांत दांडा टाकला की पुढील व मागील धुरा एकमेकांस जखडल्या जातात. वळणावर पुढील चाकांना अधिक अंतर काटावे लागते. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तसे होत नाही व दातचक्रांवर ताण येतो. म्हणून ही ओढ डांबरी सडकेवर तपासू नये व वापरूही नये.

तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. सपाट जागी इंजिन बंद करून, हातब्रेक ओढून मागील चाकांस दगड लावावेत. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढील एकच चाक जॅकवर उचलावे. दांडा दोन चाकांच्या जागी असता ते हाताने फिरले पाहिजे. दांडा चार चाकांच्या जागी टाकून, चाकांवरील हब असल्यास ते जखडल्यावर, तेच चाक फिरता कामा नये. फिरले, तर पुढील ओढ निकामी आहे असे समजावे. जॅकवरील वाहनाखाली कोणीही शिरू नये.

२. मऊ जमिनीवर, चढावर, हलक्या टप्प्यात जीप सावकाश चालवावी. दांडा आपोआप निसटत असेल, तर दुरुस्ती खर्चाची आहे.

३. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावेत.

४. चेसिसवर, विशेषतः पाट्यांच्या टेकूजवळ, तडा वा नवे वेल्डिंग आहे काय ते उजेडात पाहावे. तळास नुकताच जाड काळा रंग दिला असल्यास तो खरवडून पाहावा.

पुरात बुडालेले वाहन

उल्हास नदीच्या खोऱ्यात ही दक्षता अत्यावश्यक आहे. २६ जुलै २००५ चा पूर सर्वांच्या स्मरणात आहे. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. अशा पुरांत सापडलेली वाहने धुऊन-पुसून विक्रीस येऊ शकतात. दिव्यांच्या काचेआड गाळाची रेघ, आसनाखालील बोल्टांवर गंज, तारांच्या जोडांवर हिरवट थर ही त्यांची लक्षणे होत. धुरेतील तेल दुधासारखे पांढरट दिसल्यास आत पाणी गेले आहे, हे निश्चित समजावे.

कागदपत्रे

नोंदणी पुस्तकातील चेसिस क्रमांक प्रत्यक्षाशी जुळवून पाहावा. क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतल्यास खाडाखोड सहज ध्यानात येते. निरनिराळ्या जीपांचे भाग जोडून एकीच्या कागदांवर चालविलेले वाहन कितीही स्वस्त असले, तरी घेऊ नये. खाजगी वाहनाची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती ५-५ वर्षांसाठी वाढविली जाते. मालवाहू नोंद असल्यास ८ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते. खाजगी नोंद असलेल्या जीपमधून भाड्याने माल वाहता येत नाही. थकलेला कर, पर्यावरण कर व कर्जाचा बोजा यांची चौकशी करूनच पैसे द्यावेत. नमुना २९ व ३० वर सही घेऊन ३० दिवसांच्या आत नाव बदलून घ्यावे.

पैशाची वाटणी

जवळ असलेली सर्व रक्कम खरेदीत घालू नये. चार भागांपैकी तीन भाग वाहनास व एक भाग पहिल्या दुरुस्तीस राखावा. तेले बदलणे, ब्रेक, टायर व बॅटरी हा खर्च जुन्या वाहनास बहुधा चुकत नाही. उल्हासनगर व अंबरनाथ येथे यंत्रकामाची दुकाने जवळ असल्याने आपल्या शेतकऱ्यांची सोय आहे. सौदा ठरण्यापूर्वीच तेथील ओळखीच्या मिस्त्रीस मजुरी देऊन बरोबर न्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वरील तपासणीची यादी चावडीवर वाचून दाखवावी. शक्य तर खरेदी पावसाळ्यापूर्वी, वैशाखातच उरकावी. मृग बरसला की गरज वाढते, भाव चढतो, आणि घाईत घेतलेली जीप ऐन लावणीच्या दिवसांत बांधावर उभी राहते.