मानोहा पत्नीच्या मागे गेला

शास्त्रवाचन : शास्ते 13:2-24

आपल्या घरांत वारंवार कानी पडणारे एक वाक्य आहे : "थांब, तुला ते नीट सांगता येणार नाही, मी सांगतो." डॉक्टरांनी पत्नीला दिलेली सूचना ती घरी सांगत असते, आणि जो तेथे नव्हताच तो पती त्या सूचनेचा अर्थ तिला समजावू लागतो. या बोलण्यात शिवी नसते, राग नसतो. म्हणून त्यात काही दोष आहे असे आपल्या मनातही येत नाही. या दृष्टीने आपण शास्ते यांच्या पुस्तकातील एका दांपत्याकडे पाहू या.

दान वंशातील मानोहा हा सरा गावचा. शास्त्राने त्याचे नाव नोंदले, त्याच्या पत्नीचे नोंदले नाही. तरी परमेश्वराचा दूत प्रथम तिलाच दिसला. होणारा मुलगा जन्मापासून देवाचा नाजीर होईल, म्हणून तिने द्राक्षारस व मद्य वर्ज्य करावे, अशुद्ध काही खाऊ नये, ही आज्ञा तिलाच मिळाली. आलेल्या पुरुषाचे रूप देवदूतासारखे होते, हेही तिने ओळखून पतीला सांगितले (वचन 6).

तेव्हा मानोहाने प्रार्थना केली की, त्या पुरुषाने पुन्हा यावे व आम्हांला शिकवावे. प्रार्थना मनापासून होती; परंतु जे शिकवायचे ते पत्नीला आधीच शिकवलेले होते. देवाने त्याचे ऐकले, पण दूत पुन्हा शेतात बसलेल्या पत्नीकडेच आला. त्या वेळी पती तिच्याजवळ नव्हता, असे शास्त्र मुद्दाम नमूद करते (वचन 9). ती धावत जाऊन त्याला सांगते, आणि मानोहा उठून तिच्या मागे जातो. तो प्रश्न विचारतो, पण त्याच्यासाठी निराळा संदेश नाही. मी स्त्रीला जे सांगितले ते तिने पाळावे, हेच त्याला दोनदा ऐकावे लागते (वचने 13, 14).

पुढे वेदीच्या ज्वालेतून दूत वर गेला. पत्नीला पहिल्याच भेटीत जे जाणवले होते, ते मानोहाला आता कळले. कळताच तो तिला सांगू लागला की, आपण देवाला पाहिले, आता आपण खचित मरणार. त्यावर पत्नीने शांतपणे तीन कारणे मांडली : आपल्याला मारायचे असते, तर परमेश्वराने आपले होमार्पण व अन्नार्पण स्वीकारले नसते, हे सर्व दाखवले नसते आणि अशा गोष्टी ऐकवल्या नसत्या. मानोहाने यावर काही उत्तर दिल्याची नोंद नाही. पुढच्याच वचनात शमशोन जन्मतो.

मी अनेक वर्षे शास्त्राच्या भाषांतराचे काम करीत आहे. मत्तय 24:41 मधील जात्यावर दळणाऱ्या दोघी स्त्रियांचे वचन तपासत असता, एके संध्याकाळी मी पत्नीला जाते कसे फिरवतात हे समजावून सांगत बसलो. तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, लहानपणी पहाटे आई नि मी दळायला बसायचो. दोघींचे हात एकाच खुंट्याला. एक उठली की दुसरीला जाते लगेच जड लागते." ग्रीक क्रियापदाचा मी पुष्कळ विचार केला होता, मागे राहिलेल्या स्त्रीचा हात मला दिसलाच नव्हता. हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण शास्त्र मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई 1922 साली निवर्तल्या व त्यांचे भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले, हे मी इतरांना अभिमानाने सांगत असे. घरात मात्र मी विचारण्याआधीच सांगू लागलो होतो.

कोणी येथे 1 करिंथ 14:35 पुढे करील. त्या वचनाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु तेथेही आधी स्त्री विचारते, मग पती सांगतो. न विचारता सांगत सुटण्याची सनद त्यात नाही. शास्त्रात प्रवीण असलेल्या अपुल्लोसाला तर प्रिस्किल्ला व अक्विल्ला या दोघांनी देवाचा मार्ग अधिक स्पष्ट करून सांगितला (प्रे. कृत्ये 18:26).

पेत्र पतींना सांगतो की, पत्नीबरोबर सुज्ञतेने राहा (1 पेत्र 3:7). मूळ ग्रीकमध्ये "ज्ञानानुसार" असा शब्दप्रयोग आहे. हे ज्ञान पतीने मिळवायचे आहे, आणि ते ऐकल्यावाचून मिळत नाही. पत्नी जीवनाच्या कृपेची सहवारस आहे. तिला मान न दिल्यास आपल्या प्रार्थनांत अडथळा येतो, असा इशाराही तो देतो. देवाने मानोहाच्या भीतीचे निरसन त्याच्या पत्नीच्या तोंडून केले. तिचे बोलणे त्याने मध्येच तोडले असते तर?

मननासाठी : या आठवड्यात मी पत्नीचे, आईचे किंवा मुलीचे बोलणे किती वेळा मध्येच तोडले? कौटुंबिक प्रार्थनेत वचनाचा अर्थ सांगण्यापूर्वी, "तुला यात काय दिसते?" असे मी तिला विचारतो काय?