मुळांवरील गाठी आणि जिवाणू खताची पुडी

पेरणीचे दिवस आले की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेतकऱ्याला पहिली चिंता असते ती युरियाची. ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते आणि त्यासाठी तो तालुक्याच्या ठिकाणी खेपा घालतो. वास्तविक हवेत शेकडा ७८ भाग नत्रच आहे. एक हेक्टर शेतावरील हवेच्या थरात ते जवळजवळ पाऊण लाख टन भरते. परंतु हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात की कोणत्याही पिकाला ते जसेच्या तसे घेता येत नाही. खत कारखान्यात हे बंधन तोडण्यासाठी प्रचंड दाब व उष्णता लागते. मातीतील काही जिवाणू मात्र हेच काम साध्या तापमानात, नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या साहाय्याने करीत असतात.

तूर किंवा हरभरा घेतलेल्या रानात पुढचे पीक जोमदार येते, म्हणजे कडधान्याचा बेवड चांगला, हे आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. त्याचे कारण १८८६ साली हेलरिगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवून दिले आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी मुळावरील गाठींतील जिवाणू वेगळे केले. हेच ऱ्हायझोबियम होत. वनस्पती त्यांना शर्करा पुरविते व ते वनस्पतीला नत्र देतात. हा व्यवहार फुकटचा नव्हे. त्यामुळे जमिनीत आयते नत्र भरपूर असेल तर पीक गाठी धरण्याचे टाळते. कडधान्याला पेरणीच्या वेळी हेक्टरी २५ किलोच्या आसपास नत्राची शिफारस असते. त्यावर पुन्हा युरियाचा मोठा हप्ता देणे म्हणजे घरचा गडी बसवून बाहेरून मजूर आणण्यासारखे आहे.

सर्व शेंगवर्गीय पिकांना एकच ऱ्हायझोबियम चालत नाही. तूर, मूग, उडीद यांचे जिवाणू एका गटातले; हरभऱ्याचे निराळे; सोयाबीनचे आणखी निराळे. तूर व मूग ही आपल्याकडील जुनी पिके असल्याने त्यांचे जिवाणू बहुतेक रानांत थोडेफार सापडतात. सोयाबीन हे मराठवाड्यात अलीकडच्या काही दशकांत पसरलेले पीक आहे. ज्या शेतात ते प्रथमच घ्यावयाचे आहे तेथे त्याचा जिवाणू मुळात नसण्याचीच शक्यता अधिक. तेथे बीजप्रक्रिया टाळणे परवडणारे नाही.

मका, बाजरी व कपाशी यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. त्यांच्यासाठी अॅझोटोबॅक्टर व अॅझोस्पिरिलम हे जिवाणू वापरतात. अॅझोटोबॅक्टर मातीत स्वतंत्रपणे राहतो व सेंद्रिय पदार्थांवर जगतो. आणि आपल्या जमिनींत उणीव आहे ती नेमकी सेंद्रिय कर्बाची. पिकाला जो लाभ होतो त्यातील काही वाटा नत्राचा, तर काही वाटा हे जिवाणू मुळांजवळ जी वाढ-उत्तेजक द्रव्ये सोडतात त्यांचा असतो. शेणखत न घालता केवळ पुडीच्या बळावर युरिया बंद करता येईल असे कोणी सांगत असल्यास त्यावर विसंबू नये.

पुडीविषयी मात्र अधिक बोलले पाहिजे, कारण घोटाळा बहुधा तेथेच होतो. २००६ पासून जिवाणू खते खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत आली आहेत. भुकटीच्या दर ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप खताच्या दर मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत, असे प्रमाण ठरलेले आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखाली महिनाभर पडलेल्या पुडीतील जिवाणू मरून जातात, आणि मेलेल्या पुडीचा रंग वा वास बदलत नाही. म्हणून पिकाचे नाव व वापराची अंतिम तारीख तर पाहावीच, पण माल ठेवला कोठे होता हेही विचारावे. गावासाठी एकत्रित खरेदी होत असेल तर ती पेरणीच्या तोंडावर करावी आणि माल थंड, सावलीच्या खोलीत उतरवून घ्यावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जिवाणू खते तयार होतात. तेथेही चौकशी करता येईल.

लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून ते पूर्ण थंड होऊ द्यावे. त्यात भुकटी कालवून, १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात, हलक्या हाताने चोळावी. सोयाबीनची साल नाजूक असते, घासू नये. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी, जिवाणू खत सर्वांत शेवटी. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. रासायनिक खतात ते मिसळू नये.

काम झाले की नाही, हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. शाळेतील मुलांनाही हे करता येईल. पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी चार-पाच झाडे कुदळीने मातीसकट काढावीत. उपटल्यास गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळे बादलीत धुवावीत व गाठ नखाने कापावी. आत गुलाबी अथवा तांबूस रंग दिसल्यास गाठ काम करीत आहे असे समजावे. हा रंग लेगहिमोग्लोबिन या द्रव्याचा होय. पांढरी वा हिरवट गाठ निरुपयोगी. दाणे भरताना गाठी आपोआपच म्हाताऱ्या होतात, तेव्हा उशिरा केलेल्या पाहणीवरून निष्कर्ष काढू नये. आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. जिवाणूंची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते व बोटाने सुटी होते. सूत्रकृमींमुळे आलेली गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते, ती सुटत नाही. अशी मुळे आढळल्यास ती ओल्या फडक्यात गुंडाळून कृषी सहायकाकडे न्यावीत.