उजळ नव्हे, जुळती शेड

फाउंडेशनची शेड मनगटावर लावून निवडू नका, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तर मुळीच नको. जबड्याच्या कडेला, गाल संपून मान सुरू होते तिथे, दोन-तीन शेडच्या रेघा ओढा आणि बाहेर उजेडात या. जी रेघ दिसेनाशी होईल ती तुमची शेड. तरी लगेच पैसे देऊ नका. चेहऱ्यावरच्या तेलात मिसळली की बरीच फाउंडेशन्स गडद होतात. बाजारातली बाकीची कामं उरकून पुन्हा आरशात बघा.

हे कळकळीने सांगतेय, कारण नणंदेच्या लग्नात माझा चेहरा राखाडी पडला होता. बाळंतपणानंतर गालांवर वांगाचे डाग आलेले. ते झाकायला पार्लरवाल्या ताईंनी माझ्या रंगापेक्षा दोन शेड उजळ बेस लावला. "फोटोत गोऱ्या दिसाल," म्हणाल्या. तपकिरी डागावर फिकट थर चढला की तो करडाच दिसतो. मांडवात चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या. जाऊबाईंनी बाजूला घेऊन विचारलं, "बरं वाटत नाही का गं?" सावळा रंग म्हणजे दोष, तो पुसायचाच, असं समजून कुणी आपल्या चेहऱ्याला हात लावावा, याचं मला अजून वाईट वाटतं. एकसारखे करायचे असतात ते डाग.

त्यासाठी आधी करेक्टर. गव्हाळ रंगाला पीच, सावळ्या रंगाला नारिंगी. डोळ्यांखालची निळसर, करडी छटा नारिंगीने मरते, मग वर फाउंडेशन कमी लागतं. करेक्टर तांदळाच्या दाण्याएवढाच घ्यावा, फक्त डागावर ठेवावा आणि बोटाने थोपटावा. चोळला की आजूबाजूला पसरतो. त्यावर ओल्या स्पंजने जुळत्या शेडचा पातळ थर. थोडा डाग डोकावला तर डोकावू द्या. हातभर अंतरावरून तो कुणाला दिसत नाही. जाड थर मात्र दिसतो, आणि घाम आला की नाकाजवळ फुटतो. उजळपणा हवा असेल तर एक शेड फिकट कन्सीलर डोळ्यांखाली आणि कपाळाच्या मध्यावर लावा, बाकी कुठे नाही.

वांग असेल तर मेकअपखाली सनस्क्रीन हवंच. फाउंडेशनमधल्या एसपीएफवर विसंबू नका. डब्यावर लिहिलेलं संरक्षण मिळायला जेवढं लागतं, तेवढं फाउंडेशन कुणी लावत नाही. सनस्क्रीन शक्यतो आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगछटेचं घ्या. वांग अतिनील किरणांनी वाढतं तसं डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं, आणि साधं, बिनरंगाचं सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही.

लग्नानंतर त्याच पार्लरमध्ये मला बिनलेबलची 'गोरेपणाची' क्रीम देऊ केली. मी घेतली नाही, तुम्हीही घेऊ नका. अशा डब्यांत स्टेरॉइड असू शकतं: आधी चेहरा झटपट उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि क्रीम थांबवली की डाग उसळून येतात. काहींत पाराही सापडतो, तो मूत्रपिंडांना इजा करतो. कुणी आधीपासून लावत असेल तर ती डबी सोबत घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि किती महिने लावली तेही त्यांना सांगा.