पर्यावरणजन्य आजार आणि तरुण संशोधकांची जडणघडण

बालरोगतज्ज्ञाच्या केसपेपरावर जन्मवजन, लसीकरण, स्तनपान, कुटुंबातील दम्याचा इतिहास यांसाठी ठरलेल्या जागा असतात. मूल दिवसभर कोणत्या हवेत श्वास घेते, कोणते पाणी पिते, आई-वडील कामावरून कपड्यांबरोबर काय घरी आणतात, यासाठी बहुधा जागा नसते. सुर्ला, पाळी, वेळगे, कुडणे या गावांतील मुलांबाबत ही उणीव विशेष जाणवते. अनेक दशके येथील लोहखनिज रस्त्याने मांडवीकाठच्या धक्क्यांवर आणि तेथून बार्जमधून मुरगाव बंदराकडे जात राहिले. त्या रस्त्यांच्या कडेलाच घरे आहेत आणि शाळाही आहेत.

आपल्या स्मरणिकेचे वाचक डॉक्टर आहेत तसेच इतर समाजबांधवही आहेत. म्हणून आधी एक उदाहरण देतो, जे आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातले आहे. लहान मुलांच्या यकृताचा एक घातक आजार ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस’ या नावाने ओळखला जाई. वर्ष-दोन वर्षांचे बाळ चिडचिडे होई, पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण लागे आणि बहुतेक बाळे काही महिन्यांत दगावत. आनुवंशिक दोष, विषाणू अशी अनेक कारणे सुचवली गेली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतातील तांब्याच्या प्रचंड साठ्याकडे लक्ष वेधले. मग हे तांबे आले कोठून, याचा शोध घेत ते घरातल्या भांड्यांपर्यंत पोहोचले. कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात दूध तापवले व साठवले की तांबे दुधात उतरते. ज्या बाळांना अगदी लवकर वरचे दूध सुरू झाले, त्यांच्या पोटात ते रोज जात होते. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे अनुमान मांडले गेले आणि पुढे आजारी व निरोगी मुलांच्या जोड्या लावून दोहोंच्या आहाराचा इतिहास ताडून पाहिला गेला. पितळेची जागा स्टीलने घेतली, तसतसा हा आजार वॉर्डांतून दिसेनासा झाला. केवळ तांबे पुरेसे की सोबत आनुवंशिक प्रवृत्तीही लागते, यावर मतभेद उरले आहेत. मात्र ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातही १९०० ते १९७४ या काळात अशाच भांड्यांशी जोडलेला तसाच आजार होता, हे १९९६ साली प्रसिद्ध झाले.

या शोधाच्या मुळाशी कोणतेही महागडे यंत्र नव्हते. ‘दूध कशात तापवता?’ हा प्रश्न शंभर आयांना एकाच पद्धतीने विचारण्याची शिस्त होती, आणि ती शिकवता येते.

आता सुर्ल्याकडे वळू. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. एप्रिल २०१४ च्या निकालाने वार्षिक दोन कोटी टनांच्या मर्यादेत वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले. लिलावानंतर २०२४ पासून ते टप्प्याटप्प्याने सुरू झाले. न्यायालये आणि शासन यांच्या या घडामोडींतून संशोधकापुढे एक प्रयोग आपोआप मांडला गेला आहे. धूळ थांबली तेव्हा मुलांचा खोकला कमी झाला का?

अमेरिकेतील युटा खोऱ्यात असेच घडले होते. तेथील पोलाद कारखाना कामगार-तंट्यामुळे ऑगस्ट १९८६ पासून सुमारे तेरा महिने बंद राहिला. आर्डेन पोप या प्राध्यापकांनी रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा कारखाना चालू असताना शाळापूर्व वयाच्या मुलांचे ब्राँकायटिस व दम्यासाठी दाखल होणे सुमारे दुप्पट आढळले. हे पोप वैद्यकाचे नव्हेत, अर्थशास्त्राचे! आपल्या व्यवसायाने यातून किंचित ओशाळावे असे मला वाटते.

परंतु युटाची नक्कल सुर्ल्यात जशीच्या तशी उतरणार नाही, आणि तरुण संशोधकाचे खरे शिक्षण येथेच सुरू होते. पहिली अडचण अशी की, बंदीच्या काळातही आधी काढलेल्या खनिजाची वाहतूक मधूनमधून होत राहिली. म्हणजे निकालांच्या तारखा हाताशी धरून भागत नाही. रस्त्यावरून टिपर कोणत्या महिन्यांत धावले याचे स्वतंत्र कॅलेंडर करावे लागते. दुसरी अडचण ऋतूंची आहे. पावसाळ्यात खाणी एरवीही बंद असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत विषाणूजन्य ब्राँकिओलायटिसचे रुग्ण वाढतात. हे ध्यानात न घेणारा विद्यार्थी धूळ आरोग्याला हितकारक आहे असा निष्कर्षही काढील! तिसरी अडचण चुलीची आहे, कारण लाकडाचा धूर हा धुळीइतकाच आरोपी ठरू शकतो. चौथी मला सर्वांत अवघड वाटते. गावातील अनेक घरांनी कर्ज काढून टिपर घेतले होते. खाण थांबली तेव्हा धूळ थांबली, पण हप्ते थांबले नाहीत. घरातले उत्पन्न आटले की मुलाचा आहार बदलतो आणि औषधोपचार लांबतो. म्हणजे बंदीचा मुलाच्या छातीवरील परिणाम दोन विरुद्ध दिशांनी होतो, आणि ज्या मुलाला खोकला आहे त्याचाच बाप त्या रस्त्यावर गाडी चालवतो. एप्रिल २०१७ मध्ये धुळीला त्रासून ट्रक अडवणाऱ्या शेजारच्या सोनशीच्या ग्रामस्थांना अटक झाली होती. एकाच गावात ट्रक अडवणारे व ट्रक चालवणारे दोघेही राहतात. संशोधकाने प्रश्नावली घेऊन जाताना दोघांच्याही दारात सारख्याच आवाजात बोलले पाहिजे.

भाषेचाही प्रश्न आहे. मुलांच्या दम्याच्या आंतरराष्ट्रीय ‘आयझॅक’ पाहणीत ‘व्हीझ’ या एका शब्दाच्या भाषांतराची अडचण ओळखून चित्रफितीवरील प्रश्नावलीही तयार करण्यात आली होती. आपल्याकडे ‘घरघर’, ‘धाप’, ‘दमो’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. आईला शब्द देण्यापेक्षा तो आवाज ऐकवावा, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

प्रशिक्षणाच्या वाटा आज उपलब्ध आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी-संशोधन योजना १९७९ पासून चालत आली आणि तिने एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या प्रकल्पाची सवय लावली. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था क्षेत्रीय साथरोगशास्त्राचे शिक्षण देते. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आणि भोपाळ येथे २०१० साली स्थापन झालेली पर्यावरणीय आरोग्य संशोधन संस्था याच कामासाठी आहेत. अमेरिकेतील फोगार्टी केंद्राने १९९५ पासून विकसनशील देशांतील तरुणांना या विषयात घडवण्याचा कार्यक्रम राबवला. माझे मत असे की आरंभ मात्र बांबोळीला व्हावा. एम.डी.चा प्रबंध प्रत्येकालाच लिहावा लागतो, आणि त्यांतील बरेच विषय वॉर्डाच्या दाराबाहेर पडत नाहीत. दरवर्षी एका तरी विद्यार्थ्याने डिचोली वा सत्तरीतील शाळा निवडावी. त्याच्याबरोबर एक हवामापनाचा जाणकार आणि एक संख्याशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून असावा. माहिती गोळा झाल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे धावणे म्हणजे शस्त्रक्रिया झाल्यावर भूलतज्ज्ञाला बोलावणे होय. धूलिकणांची राष्ट्रीय मर्यादा, म्हणजे चोवीस तासांत दर घनमीटरला पीएम-१० साठी १०० व पीएम-२.५ साठी ६० मायक्रोग्रॅम, त्याला पाठ असावी. पण ते यंत्र पंचायतीच्या गच्चीवर आहे की मुलाच्या नाकाच्या उंचीवर, हे त्याने स्वतः जाऊन पाहावे.

लिलाव झालेल्या पट्ट्यांत सुर्ला-सोनशी या नावाचाही पट्टा आहे. ज्या रस्त्यावर अद्याप वाहतूक वाढलेली नाही, तेथील मुलांची मोजमापे आधीच घेऊन ठेवली तरच पुढे तुलना शक्य होईल. यासाठी पीकफ्लो मीटर, उंची मोजण्याची पट्टी, आयांसाठी दोन पानी प्रश्नावली आणि नोंदीची वही एवढे साहित्य पुरते. पाऊस ओसरल्यावर, खाणींचा हंगाम सुरू होण्याआधीचे काही दिवस यासाठी योग्य आहेत. पाचवी-सहावीची मुले मीटरमध्ये फुंकर मारण्याची शर्यत लावतात, त्यामुळे शिक्षकांना फारसे आर्जव करावे लागत नाही. फक्त प्रत्येकाकडून तीन फुंकरी घ्याव्यात आणि त्यांतील सर्वांत मोठा आकडा लिहावा.