टंचाईची भाजी, सन्मानाचे ताट : परसबागेचा एक पाठ

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर असो वा घाटाखाली, धुऱ्याधुऱ्यांवर तरोटा दाटतो. त्याच्या मागोमाग कुंजर, घोळ, चिवळ, तांदुळजा उगवतात आणि श्रावणाच्या सुमारास कुंपणांवर कटुर्ल्यांचे वेल चढतात. ज्यांच्या नावावर सातबारा नव्हता अशा आपल्या मागच्या पिढ्यांतील आयाबहिणी निंदणाहून परतताना ओटीत हीच भाजी खुडून आणीत. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी जेथे अजून सांगितल्या जातात, तेथे तरोट्याचे नाव निघतेच.

आज ही नावे घरांतून पुसट होत आहेत. सोयाबीनचा पेरा वाढला, निंदणाची जागा तणनाशकाने घेतली आणि धुऱ्यावरची भाजी तणाबरोबर जळू लागली. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. गरिबीची खूण म्हणून ही भाजी ताटातून वगळण्यात आपल्यातील शिकलेल्यांनाच प्रतिष्ठा वाटू लागली. आता कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवितो आणि शहरांतील मंडळी तेथे कटुर्ली आवडीने विकत घेतात. ज्यांच्या आज्यांनी हे ज्ञान जपले, त्यांच्या नातवंडांना मात्र तरोट्याचे पान ओळखता येऊ नये, ही खंत या लेखामागे आहे. टंचाईने शिकविलेले ज्ञान लाजेचे नसते. ते लिहून ठेवण्याचे आणि अंगणात लावण्याचे असते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

अंगणातील रानभाज्या

दहा फूट लांब व तितकीच रुंद जागा, न्हाणीचे सांडपाणी आणि एक कुंपण एवढ्यावर आरंभ करता येतो. साबणाचे पाणी मात्र पालेभाजीवर थेट सोडू नये. ते शेवगा, हादगा अशा झाडांच्या बुडाशी वळवावे.

तरोट्याचे बी टणक असते. ते जाड वाळूत चोळून रात्रभर भिजवावे व पहिल्या पावसानंतर पेरावे. भाजीसाठी फुलोऱ्यापूर्वीची कोवळी पाने घ्यावीत, उकळून पाणी पिळून टाकावे आणि तुरीच्या अथवा मुगाच्या डाळीत शिजवावी. चार झाडे बियांसाठी राखली की पुढील वर्षी पेरण्याची गरज सहसा पडत नाही. अंबाडीही याच हंगामातील. तिची आंबट पाने ज्वारीच्या कण्यांबरोबर आपल्या जिभेच्या ओळखीची आहेत. सावलीच्या भिंतीवर मायाळू चढवावा. घोळ आणि चिवळ यांना वेगळा वाफाही लागत नाही. कुंडीच्या कडेला त्या सुखाने पसरतात. घोळीत ऑक्झलेट अधिक असते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकाराने गांजलेली कुटुंबे आहेत. अशा रुग्णांनी कोणतीही पालेभाजी नित्याची करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

कटुर्ल्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण येथे अनेकांचा हिरमोड होतो. वेल जोमाने वाढतो, फुले येतात आणि फळ एकही धरत नाही. या वनस्पतीत नर व मादी वेल निरनिराळे असतात. मादी फुलाच्या खाली लहानशी काटेरी गाठ दिसते. नर फुलाखाली ती नसते. बियांपासून लावलेल्या वेलांत कोणता कोण हे फुले येईपर्यंत कळत नाही. म्हणून ओळखीच्या मादी वेलाचे कंद मिळवून पावसाळ्याच्या तोंडावर लावावेत आणि आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल ठेवावा. फुले सायंकाळी उमलतात. नर फूल खुडून मादी फुलाच्या तोंडाशी हलकेच टेकविल्यास फलधारणा वाढते. हिवाळ्यात वेल सुकला तरी कंद जमिनीत जिवंत असतो. ती जागा खणू नये. पुढील पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो.

कुटारावरील अळंबी

दुसरा पाठ अळंबीचा. ही विद्याही टंचाईतूनच जन्मली. पहिल्या महायुद्धात अन्नाची वाण पडली असता १९१७ मध्ये जर्मनीत फाल्क या शास्त्रज्ञाने झाडांच्या ओंडक्यांवर धिंगरी अळंबी वाढवून दाखविली. पुढे १९६२ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत ती भाताच्या पेंढ्यावर घेण्यात यश आले. आपल्याकडे पेंढा नाही, परंतु सोयाबीनचे व गव्हाचे कुटार विपुल आहे आणि ते धिंगरीस मानवते.

एक किलो कोरडे, स्वच्छ, न भिजलेले कुटार घ्यावे. काही तास गोड्या पाण्यात भिजवून मग सुमारे ८० अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात एक तास ठेवावे, म्हणजे त्यातील इतर बुरशी मरतात. निथळून गार होऊ द्यावे. मूठ आवळली असता हात ओलसर व्हावा पण थेंब गळू नये, इतकाच ओलावा असावा. स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत कुटाराचा थर, त्यावर अळंबीचे बी, पुन्हा कुटार असे थर द्यावेत. एका किलोस शंभर ग्रॅमच्या आसपास बी पुरते. तोंड बांधून पिशवीला वीस-पंचवीस बारीक छिद्रे पाडावीत आणि ती अंधाऱ्या, गार खोलीत टांगावी. पंधरा ते वीस दिवसांत आतील कुटार पांढऱ्या तंतूंनी बांधले जाते. नंतर पिशवी कापून काढावी, खोलीत थोडा उजेड व खेळती हवा येऊ द्यावी आणि गठ्ठ्यावर दिवसातून दोन-तीन वेळा पाणी फवारावे. आठवडाभरात पहिली तोडणी होते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन तोडण्या मिळतात. सर्व मिळून एका किलो कुटारावर अर्धा किलो वा त्याहून थोडी अधिक ताजी अळंबी येते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. घाटाखालच्या उन्हाळ्यात हा उद्योग करू नये. पिशवीत हिरवी बुरशी दिसताच ती दूर नेऊन पुरावी. छत्रीच्या कडा वर वळण्याआधी तोडणी करावी आणि खोलीत जाताना तोंडास रुमाल बांधावा, कारण बीजाणूंनी खोकला व दमा बळावतो. बियाण्यासाठी व प्रशिक्षणासाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, अथवा बुलडाणा आणि जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करावी. उरलेले कुटार वाफ्यात खत म्हणून घालावे.

अळंबीत प्रथिने भरपूर, असे नेहमी सांगितले जाते. ते वाळलेल्या अळंबीच्या हिशोबाने खरे आहे. ताज्या अळंबीत सुमारे ९० टक्के पाणीच असते. म्हणून तिने वाढत्या मुलांच्या ताटातील डाळ व उसळ काढून घेऊ नये. त्यांच्या जोडीला यावे.

ओळखीवाचून घास नको

विकतच्या बियांपासून वाढविलेली अळंबी निर्धास्त खावी; पावसाळ्यात आपोआप उगवणारी छत्री मात्र जाणकाराने खात्री दिल्यावाचून तोंडी लावू नये. चांदीचे नाणे काळे पडते, लसूण रंग बदलते, किड्यांनी खाल्लेली छत्री निर्धोक असते, हे सारे समज खोटे आहेत. काही जातींचे विष शिजवूनही जात नाही. त्याची लक्षणे सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात आणि तोवर यकृतास इजा होऊ लागलेली असते. अशा प्रसंगी उरलेली भाजी बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. तणनाशक फवारलेल्या धुऱ्यावरची ओळखीची भाजीही खुडू नये.

येथे महापरिनिब्बान सुत्तातील प्रसंग आठवतो. पावा येथे चुंद लोहाराने श्रद्धेने भगवंतांस सूकरमद्दव वाढले. ते कोवळ्या वराहाचे मांस होते की अळंबी, याविषयी अट्ठकथांतही एकमत नाही. भगवंतांनी उरलेले अन्न पुरून टाकावयास सांगितले, आणि चुंदाला कोणी दोष देऊ नये, याचीही काळजी वाहिली. या प्रसंगातून आम्हांस दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात: प्रेमाने वाढणाऱ्याचा मान राखावा, आणि वाढणाऱ्याने आपल्या हातातील अन्न नीट ओळखावे.

वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना भाजीची चव ताटात आल्यावरच कळली. ती कोठे उगवते हे पाहण्याची संधी सुटीपुरती मिळाली. म्हणून माजी विद्यार्थी व पालक यांना आमची विनंती अशी की, येत्या पावसाळ्यात घरातील वडीलधाऱ्या बाईसोबत एक फेरी मारावी. ती दाखवील त्या प्रत्येक भाजीचे गावातील नाव, खुडण्याची वेळ, शिजविण्याची रीत आणि कोणी खाऊ नये हे वहीत टिपावे, पान वाळवून शेजारी चिकटवावे, हिवाळ्यात बी राखावे. त्या वहीची एक प्रत व बियांची एक पुडी शाळेकडे आली, तर पुढील तुकड्यांतील मुलांना आपल्या आज्यांचे हे शास्त्र वर्गात शिकता येईल, आणि त्या पानांवर त्यांच्या आज्यांची नावेही लिहिलेली असतील.