भात्यापासून दांड्यापर्यंत

गोविंदराव टेंबे यांच्या कोल्हापुराला पेटीचा भाता नवा नाही. परंतु भात्याने वैमानिकही घडवले, हे वाचून मी चकित झालो. अमेरिकेत एडविन लिंक यांनी ऑर्गनच्या भात्यांवर जागच्या जागी कलणारे शिकाऊ विमान १९२९ साली सिद्ध केले.

पण हाताचे काय? खऱ्या विमानात वेग दुप्पट झाला की सुकाणूवर हवेचा दाब चौपट होतो. साध्या विमानात दांडा तितकाच जड लागतो. जमिनीवरील यंत्रात वारा कुठला? म्हणून हाताचा जोर धातूच्या सूक्ष्म ताणावरून विजेने मोजतात व मोटार किंवा तेलाचा दाब दांड्याला वेगानुसार उलट रेटा देतो. हा रेटा चुकला, तर हाताला चुकीची सवय जडते. तिची किंमत मात्र आकाशात, प्रवाशांसह मोजावी लागते!